जावक क्रमांकाची ओळ

आमच्या नर्सिंग कॉलेजातून कागद बाहेर जायचा, तर त्याला आधी बडे बाबूंच्या टेबलावर हजेरी लावावी लागायची. बडे बाबू म्हणजे आमचे हेडक्लार्क. निवृत्तीला चार वर्षं राहिलेली, चष्मा कपाळावर, डाव्या हातात घोटलेल्या खर्र्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीची पन्नी आणि उजव्या हाताशी जावक रजिस्टर. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पत्राला ते एक क्रमांक देत, तो लाल शाईने पत्राच्या डाव्या कोपऱ्यात, सगळ्यात वर लिहीत, आणि मगच ते पत्र निघायला मोकळं होई. "कागदाले नंबर नाई, तर तो कागदच नाई," असं त्यांचं म्हणणं. एकदा प्राचार्य मॅडमनी मुलीच्या लग्नाच्या पत्रिका कॉलेजच्या डाकेतून पाठवायला दिल्या, तर यांनी प्रत्येक पाकिटावर जावक क्रमांक टाकला. लग्नात एका पाहुण्याने तो पंगतीचा नंबर समजून चौकशी केली असं ऐकलं. खरंखोटं मला माहीत नाही.

मी तिथला सिस्टीमवाला. पगारपत्रकात माझं पद 'प्रयोगशाळा सहायक' असं होतं, पण प्रयोगशाळेत मी फक्त ट्यूबलाइट बदलायला जायचो. सेलूहून रोज सकाळच्या एसटीने वर्ध्याला यायचं, कॉम्प्युटर रूमचं कुलूप उघडायचं आणि दिवसभर सगळ्यांना सांगत राहायचं की मशीन बंद करून पुन्हा सुरू करा. कॉलेजात दुसऱ्या कोणाला यातलं काही कळत नसल्यामुळे मला सगळं कळतं असा समज पसरला होता. तो खोडून काढायचा मी कधी प्रयत्न केला नाही. मला राग लवकर येतो आणि तो बहुतेक वेळा चुकीच्या माणसावर निघतो, हेही इथेच सांगून ठेवतो.

कोविडनंतर जगाला अचानक शोध लागला की कागद हाताने न्यायची गरज नाही. आमच्या पोरी शिकून पुण्याला, हैदराबादला, परदेशात अर्ज करायच्या, आणि तिकडची इस्पितळं म्हणायची, हिची पदवी खरी आहे असं कॉलेजने आपल्या मेलवरून थेट आम्हाला कळवावं. उमेदवाराने आणलेला कागद चालणार नाही. हे पडताळणीचे मेल पाठवायला मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. नाव, वर्ष, गुण भरायचे, बटण दाबायचं, की पत्र तयार होऊन रवाना. तयार सॉफ्टवेअर बाजारात मिळत होतं, पण मग माझ्या हुशारीचं काय करायचं होतं?

पहिला नमुना छापून मी बडे बाबूंसमोर ठेवला. त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला, कागद पालथा करून पाहिला आणि वरच्या चार ओळींभोवती लाल गोल काढला. त्या ओळींत पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता, तारीख वगैरे मेलची नेहमीची इंग्रजी जंत्री होती. जावक क्रमांक मी त्याखाली, मजकुराच्या सुरुवातीला घातला होता.

"हे इंग्रजी वर अन् नंबर खाली काऊन?" त्यांनी विचारलं. "नंबर सगळ्यात वर पायजे. त्याच्यावर कोणी बसाले नाई पायजे."

मी समजावलं की वरच्या ओळी मेलच्या स्वतःच्या आहेत, त्यांच्यावर आपण काही लिहायचं नसतं. ते शांतपणे खर्रा घोटत राहिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच गोल, तिसऱ्या दिवशी पुन्हा. ऑडिटवाला विचारेल तेव्हा उत्तर तुम्ही देणार काय, असंही त्यांनी विचारून घेतलं. चौथ्या दिवशी मी हात टेकले.

थोडं समजून घ्यावं लागेल. मेलच्या डोक्यावर ज्या ओळी असतात त्यांना हेडर म्हणतात. कोणाकडून, कोणाला, कधी, कशाबद्दल, हे त्यात ठरलेल्या साच्यात लिहिलेलं असतं: आधी ओळीचं इंग्रजी नाव, मग दोन टिंबं, मग माहिती. वाटेतली मशिनं पत्रातला मजकूर वाचायच्या आधी या ओळी वाचतात आणि पत्र आत घ्यायचं, कचऱ्यात टाकायचं की आल्या वाटेने परत धाडायचं ते ठरवतात. हे मला पक्कं माहीत होतं. सेलूच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मी दोन वर्षं हे शिकवलंसुद्धा होतं. तरीही मी हेडरच्या माथ्यावर, अगदी पहिली ओळ म्हणून, 'जा. क्र.' हे मराठीत, मधे मोकळी जागा सोडून, आणि त्यापुढे तिरप्या रेघांचा तो लांबलचक नंबर घुसवला. शिवाय मशीनची तारीख काढून बडे बाबूंची तारीख घातली. रजिस्टरात शुक्रवारी चढलेलं पत्र सोमवारी निघालं, तरी त्यांना त्यावर शुक्रवारच हवा असायचा. हे सगळं मी का केलं? त्यांना नाही म्हणायचा कंटाळा आला होता म्हणून, आणि मला हेही जमतं असं दाखवायचं होतं म्हणून.

चाचणी अर्थात घेतली. कॉलेजच्या एका पत्त्यावरून कॉलेजच्याच दुसऱ्या पत्त्यावर मेल पाठवला. आमचं जुनंपानं मशीन स्वभावाने गरीब, त्याने काही न विचारता तो दाखवला. सगळ्यात वर जावक क्रमांक, खाली बाकीचं जग. बडे बाबूंनी त्याचा छापील कागद घेतला, लाल गोल काढला नाही, आणि माझ्या पाठीवर थाप मारली. मेल कॉलेजच्या भिंतीबाहेर गेलाच नव्हता ही गोष्ट त्या थापेच्या आनंदात कोणाच्या लक्षात आली नाही. माझ्याही नाही.

आता पहिला खरा मेल कोणाचा पाठवायचा? नेमका त्याच आठवड्यात माझ्या भाचीचा अर्ज आला होता. माझ्या मोठ्या बहिणीची ही मुलगी आमच्याच कॉलेजात शिकलेली, वर्गात पहिल्या तिघींत. हैदराबादच्या एका मोठ्या इस्पितळाने तिची मुलाखत घेऊन तिला जवळपास पसंत केलं होतं, फक्त पडताळणीचा मेल आमच्याकडून जायचा होता. घरचीच पोरगी, शुभारंभ तिनेच व्हावा असं ठरलं. कॉम्प्युटर रूमच्या उंबऱ्यावर बडे बाबूंनी नारळ फोडला, मी बटण दाबलं, आणि खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकून त्यांनी रजिस्टरात लिहिलं: ई-मेलद्वारे रवाना.

तिला बोलावणं आलं नाही. महिना गेला, दोन महिने गेले. बहीण एकदा दबक्या आवाजात म्हणाली की कॉलेजकडून काही राहिलं तर नाही ना. मी तिला रजिस्टरातल्या नोंदीचा फोटोच पाठवला. मग एका रविवारी तिच्या घरी जाऊन भाचीला समोर बसवलं आणि मामाच्या अधिकाराने चार शब्द सुनावले. मोठ्या शहरातली माणसं आपली माणसं घेतात. मुलाखतीत तू हळू बोलली असशील. नशिबात असेल ते मिळतं. तिने मान हलवली आणि चहाचे कप उचलून आत गेली. पुढच्या महिन्यापासून ती सेलूतल्याच एका डॉक्टरच्या दवाखान्यात लागली. सुया टोचायच्या, बीपी घ्यायचं आणि संध्याकाळी शटर ओढायचं.

त्यानंतर अधूनमधून तक्रारी यायच्या. मेल मिळाला नाही, किंवा मिळाला पण स्पॅममध्ये, म्हणजे मेलच्या उकिरड्यावर सापडला. मी नोटीस बोर्डावर सूचना लावली: 'मेल न मिळाल्यास कृपया स्पॅम फोल्डर पाहावे. कार्यालयात चौकशी करू नये.' दुसरं वाक्य माझं स्वतःचं, आणि मला ते आवडलं होतं. सूचनेलाही जावक क्रमांक होता.

आणखी एक भानगड होती. कॉलेजच्या मेलपेटीत मेलर-डेमन अशा नावाने इंग्रजी पत्रं येऊ लागली. पत्र पोचवता आलं नाही तर दूरचं मशीन असं पत्र धाडतं, हे कोणीही जाणकार सांगेल. जाणकार मीच होतो, आणि मी ती उघडूनही पाहिली नाहीत. बडे बाबूंची अडचण निराळी होती. आलेलं प्रत्येक पत्र आवक रजिस्टरात चढवायचं, तर या गृहस्थाचा ना पत्ता, ना पत्राला त्यांच्याकडचा क्रमांक. "हा कोण माणूस आहे, रोज लिहून राह्यला?" ते वैतागून विचारत. हे जाहिरातवाले असतात, असं मी ठोकून दिलं आणि एक नियम लावला. त्या नावाने आलेलं जुनं-नवं सगळं परस्पर एका फोल्डरात जाऊ लागलं, ज्याचं नाव मी 'भंगार' ठेवलं. बडे बाबूंचा त्रास मिटला, माझाही.

दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं. मग देवळीच्या त्या मुलीचे फोन सुरू झाले.

ती आमची चार वर्षांपूर्वीची विद्यार्थिनी. वडील देवळीच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करायचे. मुलीने वर्ध्यात नोकरी करत करत इंग्रजीची परीक्षा दिली, परदेशातल्या एका इस्पितळाची मुलाखत दिली, आणि तिची निवड झाली. तिच्या अख्ख्या मोहल्ल्यात पासपोर्ट असलेली ती पहिली. तिकडच्या नर्सिंग मंडळाला आमच्याकडून पडताळणी हवी होती आणि त्याला शेवटची तारीख होती. त्या दिवशी आपल्याकडच्या संध्याकाळी पाचपर्यंत मेल पोचला नाही, तर तिची फाइल बंद. इंग्रजीच्या परीक्षेची मुदतही संपत आलेली, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सगळं. निवड झाली म्हणून इकडच्या नोकरीचा राजीनामा तिने आधीच दिलेला होता.

पहिल्या फोनला मी सांगितलं, गेलं आहे. दुसऱ्याला जावक क्रमांक आणि तारीख दिली. तिसऱ्याला म्हणालो, त्यांना म्हणावं स्पॅम पाहा. तिने तसं विचारून पुन्हा फोन केला की तिथेही नाही, तेव्हा मी तिला म्हणालो की बाई, तुझ्या मंडळाला मेल बघता येत नसेल तर ती माझी चूक आहे का. आणि फोन ठेवला. मला वाटतं, मी तो आपटला.

शेवटच्या दिवशी दुपारी बारा वाजता ती स्वतः आली. उन्हाळा होता, देवळीहून एसटीने आली होती, चेहऱ्याला बांधलेला दुपट्टा सोडत दारात उभी राहिली. "जयभीम सर," म्हणाली. मी जयभीम म्हणालो, पण मान वर केली नाही. कॉम्प्युटरवर काहीतरी महत्त्वाचं करत असल्यासारखं मी दोन मिनिटं दाखवलं. मग तिला बडे बाबूंच्या टेबलाशी नेलं आणि रजिस्टर उघडून तिच्यापुढे सरकवलं. एकदा नाही, तीनदा नोंद होती. तीन क्रमांक, तीन तारखा, तीनदा 'रवाना'. बडे बाबूंनी त्यावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे अभिमानाने पाहिलं. मीही तिच्याकडे तसंच पाहिलं.

तिने तिन्ही नोंदी सावकाश वाचल्या. चिडली नाही, रडली नाही.

"सर, तुमच्याकडून गेलं, हे तर दिसूनच राह्यलं," ती म्हणाली. "पोचलं काय, हे कोणत्या रजिस्टरात लिहिता?"

बडे बाबूंचं बोट रजिस्टरावरच राहिलं. मला एकदम राग आला. असा प्रश्न विचारायची ही कोण, असा. रागाच्या भरात मी म्हणालो, चल, तुझ्यासमोर पाठवतो, तुझ्याच मेलवर पाठवतो, मग तर खात्री होईल? तिला कॉम्प्युटर रूममध्ये आणलं, तिचा पत्ता टाकला आणि बटण दाबलं. तिच्या मोबाइलवर काहीच वाजलं नाही. तिने स्पॅम उघडलं. तिथे एक मेल येऊन पडला होता. तिने मोबाइल माझ्यापुढे धरला आणि म्हणाली की यात पाठवणाऱ्याचं नावच नाही, विषयही नाही, आणि मजकुरात तारीख भलतीच दिसते.

पाठवणाऱ्याची जागा खरंच कोरी होती. मी मोबाइल हातात घेतला आणि मेल मूळ रूपात उघडला, म्हणजे मशीनला दिसतो तसा. सगळ्यात वर माझी ओळ होती. जा. क्र. दूरच्या मशीनने पहिलीच ओळ वाचली, साच्यात बसेना, म्हणून त्याने समजून घेतलं की हेडर इथेच संपलं आणि मजकूर सुरू झाला. मग कोणाकडून, कोणाला, विषय काय, हे सगळं खाली नीट लिहिलेलं असूनही त्याच्या लेखी ते नुसतं पत्रातलं बडबडणं होतं. ना नाव, ना विषय, आणि खाली मजकुरात बडे बाबूंची शुक्रवारची तारीख. असं पत्र कोण घरात घेईल? भल्या स्वभावाची मशिनं ते उकिरड्यावर ठेवत होती, कडक स्वभावाची दारातूनच परत पाठवत होती. परदेशातलं मंडळ कडक निघालं.

दोन वर्षं मी जगाला स्पॅम फोल्डर पाहायला सांगत होतो आणि ते स्पॅम मीच घडवत होतो. मुलगी माझ्याकडे पाहत होती. मी तिला सांगितलं की चूक माझी आहे. एवढं वाक्य बोलायला मला बराच वेळ लागला. ती म्हणाली, "मंग आता दुरुस्त होते काय?" होतं. एक ओळ पुसायची होती आणि एक तारीख मशीनला परत द्यायची होती. पाच मिनिटांचं काम.

पण बडे बाबू. त्यांना न सांगता नंबर काढणं म्हणजे त्यांच्या टेबलावर पाय ठेवून उभं राहणं होतं. शिवाय खऱ्या पत्रावर कॉलेजच्या डिजिटल सहीसाठी लागणारी पेन ड्राइव्हसारखी किल्ली त्यांच्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये असायची. मी जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. नंबराशिवाय पत्र जाणार नाही. मी म्हणालो, नंबर विषयाच्या ओळीत टाकू, तिथे रीतसर बसतो. ते म्हणाले, विषयात विषय असतो. मी म्हणालो, तळाला सहीखाली टाकू. ते म्हणाले, नंबर काय जोडा आहे, खाली ठेवाले? प्राचार्य मॅडम मीटिंगला नागपूरला गेलेल्या आणि त्यांचा फोन बंद. घड्याळात अडीच वाजले होते. नंतर तीन वाजले. आम्ही दोघं पन्नाशीच्या पुढची माणसं, एका ओळीची जागा ठरवत होतो आणि जिच्या आयुष्याचा प्रश्न होता ती बाहेरच्या बाकावर मांडीवर फाइल घेऊन बसली होती.

साडेतीनला ती उठून आत आली. बडे बाबूंच्या टेबलासमोर उभी राहिली.

"बाबूजी, नंबर तुमच्या रजिस्टरात राहू द्या," ती म्हणाली. "तो कोणी मिटवत नाई. मेल तेवढा जाऊ द्या."

बडे बाबूंनी तिच्याकडे पाहिलं, मग रजिस्टराकडे पाहिलं. खर्र्याची पन्नी उघडली, पुन्हा बंद केली. मग ड्रॉवर उघडून किल्ली काढली आणि टेबलाच्या पार कडेला, जवळजवळ माझ्या हाताशी ठेवली.

"मी चहा प्यायले जातो," ते म्हणाले. "मी इथं असतानी नंबराशिवाय काई गेलं नाई पायजे."

इतक्या वर्षांत साडेतीनला त्यांना चहाला जाताना मी पाहिलं नव्हतं. त्यांचा चहा चारचा, तोही टेबलावर. ते चपला सरकवत गेटाबाहेर गेले आणि तब्बल पाऊण तास आले नाहीत.

मी ओळ पुसली. तारीख मशीनची केली. आधी तिच्या पत्त्यावर पाठवून पाहिलं. तिचा मोबाइल वाजला आणि त्यावर कॉलेजचं नाव, विषय, वेळ, सगळं जागच्या जागी आलं. मग मंडळाला पाठवलं. दोन मिनिटांत त्यांच्या मशीनचं उत्तर आलं की आपलं पत्र मिळालं, फाइलला जोडलं आहे. तसंच एक तिलाही आलं. तिने ते एकदा वाचलं, मग पुन्हा वाचलं, आणि दुपट्ट्याने तोंड पुसलं. पाणी प्यायली. मला वाटलं आता ही मला काहीतरी ऐकवील, आणि ऐकून घ्यायची माझी तयारी होती. ती फक्त म्हणाली, येते सर, साडेचारची देवळी निघून जाईल. दारातून पुन्हा वळली आणि बडे बाबूंना सांगा म्हणाली. काय सांगायचं ते तिने सांगितलं नाही, पण मी सांगितलं.

बडे बाबू परत आले तेव्हा मी त्यांना मंडळाचं उत्तर छापून दिलं. त्यांनी ते वाचलं, आवक रजिस्टरात चढवलं, मग जावक रजिस्टर उघडून आजच्या मेलची नोंद केली. नंबर दिलाच. 'रवाना' लिहून झालं. मग पट्टी घेतली आणि पानाच्या उजव्या कडेला लाल शाईने एक उभी रेघ ओढली. वर लिहिलं: पोच. तिच्या ओळीपुढे बरोबरची खूण केली. त्या रेघेमुळे वरच्या सगळ्या नोंदींपुढे एकेक रिकामा चौकोन तयार झाला.

मी कॉम्प्युटर रूममध्ये जाऊन 'भंगार' उघडलं. मेलर-डेमनची सगळी पत्रं तिथे होती, न वाचलेली, जाड अक्षरांत. प्रत्येकात तेच लिहिलेलं की आपण पाठवलेलं पत्र साच्यात नाही, पोचवता येत नाही, कृपया दुरुस्त करून पाठवा. प्रत्येकाखाली एकेका मुलीचं नाव. त्या गृहस्थाने दोन वर्षं न कंटाळता मला कळवलं होतं. बऱ्याच मुलींनी एकदाही फोन केला नव्हता. कदाचित माझी सूचना त्यांनी वाचली असेल, कार्यालयात चौकशी करू नये. मी एकेक करत खाली गेलो. सगळ्यात तळाशी, सगळ्यात जुनं पत्र नारळ फोडला त्या दिवसाचं होतं. मी बटण दाबल्यानंतर अवघ्या एका मिनिटाने आलेलं. बडे बाबूंच्या तोंडातलं खोबरंही तेव्हा संपलं नसेल.

संध्याकाळच्या एसटीने सेलूला उतरलो आणि घरी न जाता दवाखान्यात गेलो. डॉक्टर अजून यायचे होते. दोनतीन पेशंट बसले होते आणि भाची एका म्हाताऱ्या बाईच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधत होती. मामा, बसा, म्हणाली. मी बसलो. तिने फुगा दाबला, आकडा चिठ्ठीवर लिहिला, बाईला मीठ कमी करायला सांगितलं. मग माझ्याजवळ येऊन उभी राहिली. मी तिला सगळं सांगितलं. हेडर, पहिली ओळ, भंगार, तारीख. ती मुलाखतीत हळू बोलली नव्हती, नशीबही आड आलं नव्हतं, तिचा मेल गेला त्याच मिनिटाला परत आला होता आणि तो मी दोन वर्षं उघडला नाही, हे सांगितलं. पेशंट ऐकत होते, तरी मी थांबलो नाही.

ती बीपीच्या पट्ट्याची गुंडाळी करत राहिली. दोनदा केली, दोनदा सुटली.

"त्या देवळीच्या पोरीचं झालं काय?" तिने विचारलं.

झालं म्हणालो.

"बरं झालं. तिनं विचारलं म्हणून झालं."

मग मी तिला तो प्रश्न विचारला जो विचारायचा मला काही अधिकार नव्हता. तू एकदा तरी का नाही विचारलंस? कॉलेजला नाही, निदान मला?

तिने पट्टा डब्यात ठेवला आणि झाकण लावलं.

"मामा, मेल तुमी पाठवला होता ना," ती म्हणाली. "म्हणून नाई विचारलं."

पुढचा नंबर कोणाचा आहे, असं विचारत ती पेशंटकडे वळली.